शिडे, वारा आणि ओला रंग

समुद्रावरील शिडाच्या होड्यांच्या एका तैलचित्राविषयी एका वाचकाने सविस्तर पत्र लिहिले आहे. त्याच विषयाला लागून असलेले इतर वाचकांचे काही प्रश्नही या वेळी सोबत घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे वारशाने आलेले एक तैलचित्र आहे. त्यात समुद्रावर शिडाच्या तीन होड्या आहेत. दोन जवळ, एक दूर. चित्रकार एका जागी न राहता देशोदेशी हिंडून चित्रे काढणारा होता, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. हे चित्र त्याने किनाऱ्यावर बसून एका बैठकीत पुरे केले, असे घरातली मोठी माणसे सांगत असत. परंतु तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात, असे वाचनात आले. मग क्षणाक्षणाला बदलणारा समुद्र एका बैठकीत तैलरंगात उतरवणे शक्य तरी आहे का?

उत्तर : शक्य आहे. तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातील जवसाच्या तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते हळूहळू घट्ट होते, आणि म्हणून पातळ थर हाताला कोरडा लागायला काही दिवस, तर जाड थर आतपर्यंत घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. हा संथपणा एका बैठकीच्या आड येत नाही, उलट तिला मदतच करतो, कारण रंग ओला असेतोवर आकाशाची कड समुद्रात मिसळता येते आणि न पटलेली लाट पॅलेट नाइफने (रंग मिसळण्याच्या बोथट सुरीने) खरवडून पुन्हा घालता येते. अडचण येते ती बारीक कामात. ओल्या निळ्यावर पांढरा फेस ठेवला की खालचा निळा त्यात चढतो आणि फेस मळकट होतो. ओल्या आकाशावर डोलकाठीचा दोर ओढायला गेले की कुंचला आकाशाचा रंग उचलतो आणि रेघ तुटक होते. याहून मोठी अडचण चित्र पुरे झाल्यावर सुरू होते, आणि फिरत्या चित्रकाराला तीच अधिक जाचते : ओले चित्र घेऊन पुढच्या मुक्कामाला जायचे कसे?

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या एका छोट्या प्रवासात या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. १८८८ मध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर, ते दक्षिण फ्रान्समधील आर्लहून सँत-मारी-द-ला-मेर या भूमध्य समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावी गेले. जाताना त्यांनी तीन कॅनव्हास नेले होते आणि आठवडाभरही नसलेल्या मुक्कामात ते तिन्ही रंगवले. त्यांत समुद्राची दोन चित्रे होती आणि एक गावाचे. परंतु परतताना त्यांनी ही चित्रे तिथेच ठेवली, कारण घोडागाडीतील पाच तासांचे हिसके सोसण्याइतकी ती वाळलेली नव्हती, असे त्यांनी भावाला कळवले. वाळूवर ओढून ठेवलेल्या मासेमारीच्या होड्यांचे त्यांचे सुप्रसिद्ध चित्र तर गावात रंगवलेलेच नाही. त्या होड्या भल्या पहाटे समुद्रात निघून जात, त्यामुळे रोज पाहूनही रंगवायला सवड मिळत नसे. शेवटी एका सकाळी त्या निघण्यापूर्वी त्यांनी तासाभरात लेखणीने रेखाटन केले, कोणता भाग कोणत्या रंगाचा हे त्यावरच लिहून ठेवले आणि आर्लला परतल्यावर त्यावरून तैलचित्र केले. म्हणजे एकाच चित्रकाराने, एकाच प्रवासात, समुद्र जागेवर बसून रंगवला आणि होड्या मात्र खोलीत.

मला असे वाटते की आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या प्रकारचेच असते. ‘जागेवर’ आणि ‘खोलीत’ हे दोन वेगळे पंथ आहेत असे आपण मानतो, आणि चित्रकारांनीही तसा वाद घातला आहे. प्रत्यक्षात फिरत्या चित्रकाराचे काम या दोहोंच्या मधून जाते. सतराव्या शतकात हॉलंडमधील विलेम व्हान दे व्हेल्दे या पितापुत्रांनी तर ही विभागणी आपसातच करून घेतली होती. वडील लहान नावेतून आरमाराबरोबर जात आणि प्रत्यक्ष लढाई चालू असताना कागदावर रेखाटने करत. १६६६ च्या चार दिवस चाललेल्या प्रसिद्ध नाविक युद्धातही ते असे हजर होते. मुलगा त्या रेखाटनांवरून तैलचित्रे करी. पुढे दोघे इंग्लंडला गेले, तेव्हा १६७४ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने दोघांना वर्षाला प्रत्येकी शंभर पौंड वेतन ठरवून दिले : वडिलांना समुद्री लढायांची रेखाटने करण्यासाठी आणि मुलाला ती रंगांत उतरवण्यासाठी. राजाज्ञेत कामाची इतकी स्वच्छ वाटणी केलेली क्वचितच आढळते.

एकोणिसाव्या शतकात मात्र साधनांनीच परिस्थिती बदलली. तोपर्यंत घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशवीत भरून ठेवत आणि टाचणीने भोक पाडून पिळून काढत. ती पिशवी फुटे, आणि एकदा भोक पडले की आतला रंग फार दिवस टिकत नसे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकी व्यक्तिचित्रकाराने पिळता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंगांची पेटी खांद्यावर टाकून कुठेही जाता येऊ लागले. ज्याच्या झाकणातच लहान फळी खोचून चित्र काढता येते आणि झाकण मिटले तरी ओल्या रंगाला काही लागत नाही, असा पेटारा फिरत्या चित्रकाराचा सोबती झाला. मोठे कॅनव्हास असतील तर दोन समान आकाराचे कॅनव्हास समोरासमोर धरून कोपऱ्यांत दोन्ही बाजूंनी टोकदार असलेल्या खिळ्या बसवत, म्हणजे रंगाला रंग न टेकता जोडी बांधून नेता येई.

तरीही सगळ्यांना हे पटले असे नाही. क्रिमियातील फिओदोसिया बंदरात १८१७ मध्ये जन्मलेले आणि आयुष्यभर प्रवास करणारे रशियन सागरचित्रकार इव्हान आयवाझोव्स्की पेन्सिलीची टिपणे घेत, पण चित्रे स्मरणातून रंगवत. वीज, वाऱ्याचा झोत आणि लाटेची उसळी या गोष्टी समोर बसून रंगवता येतच नाहीत, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यांच्या नावावर सुमारे सहा हजार चित्रे सांगितली जातात. याउलट नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, एका खलाशाच्या घरात जन्मलेले फ्रेंच चित्रकार यूजीन बूदँ आपल्या आकाश-समुद्राच्या पेस्टल (रंगीत खडूच्या) अभ्यासांवर तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवत. १८५९ मध्ये कवी शार्ल बोदलेर यांनी ते अभ्यास पाहून या नोंदींचा आवर्जून उल्लेख केला आहे. तारीख आणि वेळ कोणीही लिहील. वारा लिहून ठेवावासा वाटणे ही मात्र खलाशाच्या मुलाची नजर आहे, आणि वाऱ्याच्या या मुद्द्याकडे पुढे येऊच.

प्रश्न : मग आमचे चित्र त्याने जागेवर काढले की मुक्कामी परतल्यावर, हे आम्हांला घरच्या घरी ओळखता येईल का?

उत्तर : निश्चित निर्णय घरी होणार नाही, परंतु चांगले भिंग आणि तिरपा उजेड एवढ्यावर बरेच काही कळते. प्रथम डोलकाठी आणि तिचे दोर पाहावेत. दोराची रेघ आकाशाच्या रंगात किंचित बुडालेली, कडेला आकाशाचा रंग लागलेली, मध्येच फिकी झालेली दिसली, तर ती ओल्या आकाशावर ओढलेली आहे. उलट रेघ आकाशाच्या खरबरीत पोतावरून उंचवट्याउंचवट्यांना स्पर्श करत स्वच्छ गेलेली असेल, तर तेव्हा आकाश वाळलेले होते आणि मध्ये निदान काही दिवस गेले होते. फेसाचीही हीच परीक्षा घ्यावी. माझ्या मते सहीपेक्षा, पाठीमागच्या मजकुरापेक्षा आणि घरातल्या आठवणीपेक्षा ही एक रेघ अधिक विश्वासू साक्षीदार आहे. मात्र ती फक्त दिवसांचे अंतर सांगते. जागा सांगत नाही. चित्रकार चार दिवसांनी त्याच किनाऱ्यावर परत येऊन बसला असेल, तरी रेघ स्वच्छच पडेल.

जागा सांगते ती वाळू. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७० मध्ये त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर काढलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत; ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. व्हॅन गॉग यांनी १८८२ च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधील स्खेव्हेनिंगेन येथे वादळी समुद्र रंगवला, तेव्हा वाऱ्याने उभे राहवत नव्हते आणि ओल्या रंगावर वाळूचा थर बसत होता. म्हणून त्यांनी वाळूच्या टेकड्यांमागील एका लहानशा खानावळीत जाऊन सगळा रंग खरवडला, तिथेच चित्र पुन्हा रंगवले आणि मधूनमधून बाहेर येऊन समुद्र पाहिला. इतके करूनही त्या चित्रात वाळू राहिलीच. (हे चित्र २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २०१६ मध्ये इटलीच्या पोलिसांना सापडले.) आपल्या चित्रात खालच्या बाजूला, ओल्या रंगात रुतलेले आणि वरून रंग चढलेले बारीक कण दिसतात का, ते पाहावे. नुसते वर चिकटलेले कण ही धूळ असते.

फ्रेममधून काढल्यास कॅनव्हासच्या कोपऱ्यांतील टाचण्यांची भोकेही बोलकी असतात, कारण प्रवासात पुष्कळ चित्रकार सुटा कॅनव्हास फळीवर टाचून काम करत आणि तो चौकटीवर मागाहून ताणून बसवत. मापही पाहावे. फ्रान्समध्ये तयार कॅनव्हास व्यक्तिचित्र, निसर्गचित्र आणि सागरचित्र अशा तीन प्रकारांत ठरावीक क्रमांकांनी विकले जात. तीस क्रमांकाची लांबी तिन्ही प्रकारांत ९२ सेंटिमीटर, पण रुंदी अनुक्रमे ७३, ६५ आणि ६०. सागरचित्राचा कॅनव्हास सर्वांत अरुंद. अर्थात प्रवासात हाताशी जे असेल ते वापरावे लागते, आणि कॅनव्हास संपला तर जुन्यावरच नवे रंगवावे लागते. विल्यम हॉजेस हे इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक यांच्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५ या काळात, जहाजावरचे चित्रकार होते. न्यूझीलंडमधील पिकर्सगिल हार्बरच्या त्यांच्या हिरव्यागार चित्राचा क्ष-किरणांनी तपास केला, तेव्हा खाली हिमनग निघाले. जहाज त्याआधी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रातूनच आले होते. तेव्हा चित्रातील आकाशात कारण नसताना एखादा उंचवटा दिसला तर तो दोष समजून घासून काढू नये.

प्रश्न : मी काही वर्षे शिडाच्या होडीवर काम केले आहे. चित्रांतील होड्या पाहून पुष्कळदा हसू येते. शीड एकीकडे फुगलेले आणि झेंडा भलतीकडे. हे चित्र बरोबर की चूक, हे समुद्रावर न गेलेल्या माणसाने कसे ठरवावे?

उत्तर : आपले हसू रास्त आहे, आणि ज्याला समुद्राचा अनुभव नाही अशा माणसालाही ते थोड्या सरावाने येऊ शकेल. चित्रात वारा दिसत नाही, पण चित्रातील प्रत्येक वस्तू त्याला बांधलेली असते. शिडाचा फुगवटा, होडीचे कलणे, झेंडा, फेसाचे पट्टे आणि किनाऱ्यावरचा धूर या सर्वांनी एकच दिशा सांगितली पाहिजे. ज्याने तिन्ही होड्या एकाच सकाळी समोर पाहिल्या, त्याच्या चित्रात हे आपोआप जुळते. ज्याने एक होडी एका बंदरातील वहीतून आणि दुसरी दुसऱ्या बंदरातील वहीतून उचलली, त्याच्या चित्रात वारा फाटतो. म्हणून वाऱ्याची परीक्षा केवळ नाविकाची हौस नाही. चित्र एका जागी पाहिले की जुळवले, हे सांगणारी ती सर्वांत चांगली खूण आहे.

सर्वांत अधिक चूक झेंड्यात होते. होडी पुढे जात असल्यामुळे तिचा झेंडा मागे फडफडावा, असे किनाऱ्यावरच्या माणसाला वाटते, आणि चित्रकार तसे रंगवतो. वारा पाठीमागून असेल तर मात्र होडी वाऱ्यापेक्षा मंद चाललेली असते. त्यामुळे झेंडा पुढे, होडी जाते त्याच दिशेला उडतो. शिडे पुढे फुगलेली आणि झेंडा मागे, असे असेल तर चित्रकाराने एक तरी गोष्ट खोलीत कल्पनेने घातली आहे. वारा बाजूने असला म्हणजे होडी स्वतःच्या गतीचाही वारा अंगावर घेते आणि तिचा झेंडा खऱ्या वाऱ्याच्या दिशेपासून थोडा मागे वळतो. एवढा फरक चुकीत धरू नये.

काही गोष्टी चुकीच्या वाटतात, पण बरोबर असतात. दोन होड्या परस्परविरुद्ध दिशांना, दोन्ही भरल्या शिडांनी जाताना दाखवल्या तर पुष्कळांना ते अशक्य वाटते. वारा दोघींच्याही बाजूने येत असेल तर ते अगदी शक्य आहे. पाहायचे एवढेच की दोघी एकाच बाजूला कललेल्या आहेत आणि दोघींची शिडे एकाच बाजूला फुगलेली आहेत. मात्र थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. साधारणपणे वाऱ्याच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन ही उभ्या, म्हणजे होडीच्या लांबीला धरून लावलेल्या, शिडाच्या चांगल्या होडीची मर्यादा, आणि आडव्या शिडांच्या जुन्या मोठ्या जहाजांना तर त्याहून बराच मोठा कोन लागे. नांगरलेली होडी वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचे टोक, करून उभी राहते, पण भरती-ओहोटीचा प्रवाह जोराचा असेल तर ती वाऱ्याला न जुमानता प्रवाहाकडे तोंड करते. तसेच नांगर टाकलेल्या होडीवर शिडे उघडी आणि सैल लोंबत असली म्हणजे चित्रकार अडाणी, असे समजू नये : ओली शिडे वाळवण्यासाठी तशीच सोडतात, आणि शांत समुद्राच्या जुन्या डच चित्रांत हे वारंवार दिसते.

वाऱ्याच्या दिशेप्रमाणे त्याचा जोरही जुळावा लागतो. ब्रिटिश आरमारातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराचे शून्य ते बारा असे मोजमाप मांडले आणि त्याचा आधारच मुळी असा होता की त्या वाऱ्यात युद्धनौका किती शिडे उभारू शकते. लाटांची वर्णने त्याला पुढे जोडली गेली. तिसऱ्या पायरीवर लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो, चौथीवर तो ठिकठिकाणी दिसतो, आणि सहावीवर मोठ्या लाटा आणि सर्वत्र फेस असतो. तेव्हा सगळा समुद्र फेसाळलेला असूनही लहान होडीवर सगळी शिडे पूर्ण उभारलेली दाखवली असतील, तर खलाशाने शीड आखडून लहान करायला हवे होते ते चित्रकाराने करू दिलेले नाही, असे म्हणावे लागते.

आणखी एक परीक्षा आहे. ती वाऱ्याची नाही, पण मला ती फार आवडते. सपाट समुद्राकडे पाहताना क्षितिजाची रेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. चित्रकाराचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच असेल, तर जवळची असो वा दूरची, प्रत्येक होडी क्षितिजरेषेने पाण्यापासून दोन मीटरवरच छेदली जाते. आपल्या पहिल्या वाचकांच्या चित्रात दोन होड्या जवळ आणि एक दूर आहे, तेव्हा त्यांनी हे जरूर करून पाहावे : जवळच्या होडीत क्षितिजरेषा उभ्या खलाशाच्या डोक्याजवळून जात असेल, तर दूरच्या होडीतही ती तिथूनच गेली पाहिजे. जवळच्या होडीचे शीड अर्ध्याहून अधिक आकाशात आणि तेवढ्याच आकाराची दूरची होडी डोलकाठीसकट क्षितिजाच्या खाली, असे असेल तर दुसरी होडी एखाद्या उंच कड्यावरून किंवा जहाजाच्या उंच डेकवरून टिपलेली आहे आणि मागाहून इथे आणून ठेवलेली आहे. दोन मीटर उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असते. त्याच्या पलीकडे गेलेल्या होडीचे बूड आधी दिसेनासे होते आणि शीड मागे राहते. फार दूरच्या होडीचे नुसते शीडच दाखवले असेल तर तो आळस नव्हे, ते बारीक निरीक्षण आहे.

आता एवढ्या परीक्षा घेतल्यावर हेही सांगायला हवे की वारा चुकलेले चित्र वाईटच असते असे मी मानत नाही. होड्या चुकलेल्या पण पाणी खरे, अशी चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. होड्यांचा दोर न् दोर बरोबर आणि पाणी मात्र निर्जीव, अशी त्याहून अधिक.

प्रश्न : वादळाचे चित्र काढण्यासाठी एका मोठ्या चित्रकाराने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले होते, हे खरे आहे का?

उत्तर : ही कथा इंग्रज चित्रकार विल्यम टर्नर यांची. १८४२ मध्ये प्रदर्शित झालेल्या हिमवादळातील आगबोटीच्या चित्राच्या लांबलचक शीर्षकात त्यांनी आपण स्वतः त्या वादळात होतो असे म्हटले आहे, आणि खलाशांकडून डोलकाठीला बांधून घेऊन आपण चार तास ते पाहिले असे ते सांगत, अशी आठवण नोंदलेली आहे. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. अभ्यासकांना या कथेची शंका वाटते, आणि मलाही वाटते. खरी गोष्टच हवी असेल तर मोने यांची घ्यावी : १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये एत्रता येथे भरतीच्या वेळेचा अंदाज चुकून एका लाटेने त्यांना कड्यावर आपटले, इझल (चित्र ठेवण्याची घोडी) आणि चित्र समुद्राने नेले, आणि हातातील पॅलेट तोंडावर आदळून दाढी रंगांनी माखली. ही हकिकत त्यांच्या स्वतःच्या पत्रात आहे.

प्रश्न : आमच्याकडील समुद्राचे चित्र काळाच्या ओघात हिरवट-पिवळे झाले आहे. समुद्र मूळचा हिरवा असेल की मळ चढला असेल? ओल्या फडक्याने किंवा कापलेल्या बटाट्याने पुसावे, असा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : कृपया पुसू नये. बटाटा, पाव, कांदा, साबण, थुंकी लावलेला कापूस, यांपैकी काहीही घरी वापरू नये. ओल्या फडक्याचे पाणी रंगाच्या बारीक तड्यांतून खालच्या अस्तरापर्यंत जाते, कॅनव्हास आधी आखडतो, मग सैलावतो, आणि रंगाच्या खपल्या सुटतात. बटाट्याचा रस पृष्ठभागावर राहतो आणि बुरशीला आमंत्रण देतो. रंग कुठेही उचललेला नसेल तर कोरड्या, अगदी मऊ कुंचल्याने हलक्या हाताने धूळ झटकावी, एवढेच घरचे काम.

रंगाचा उलगडा बहुधा वार्निशमध्ये आहे. झाडांच्या राळेपासून केलेली जुनी वार्निशे, उदाहरणार्थ डॅमर आणि मॅस्टिक, काळाबरोबर पिवळी पडतात, आणि पिवळ्या थरातून पाहिलेला निळा हिरवा दिसतो. म्हणून समुद्राकडे न पाहता पांढऱ्या भागांकडे पाहावे. शीड, फेस, ढग आणि पक्षी हे सगळे एकसारख्या मधाळ रंगाचे दिसत असतील तर वरचा थर पिवळा झाला आहे, असे मानायला जागा आहे. शिडे उबदार आणि फेस थंड असा फरक अजून टिकून असेल, तर हिरवा समुद्र चित्रकारानेच रंगवला असण्याची शक्यता अधिक. अतिनील प्रकाशात राळेचे जुने वार्निश हिरवट चकाकते, आणि चित्रसंवर्धक त्यावरूनच तपासाला सुरुवात करतात. ते कोपऱ्यातील नखाएवढ्या जागेवर आधी प्रयोग करतात. जो तज्ज्ञ पाहताक्षणी संपूर्ण चित्र धुऊन देतो म्हणेल, त्याच्या हाती ते देऊ नये.

याच तपासात रंगद्रव्ये कळली तर काळाचाही अंदाज येतो. चित्रकारांच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम विसाव्या शतकातच आले. त्याआधीची शिडे बहुधा शिशाच्या पांढऱ्याने रंगवलेली असत. एकोणिसाव्या शतकातील म्हणून दाखवलेल्या चित्राच्या मूळ रंगात टायटॅनियम निघाले, तर ते चित्र त्या काळातले नव्हे. मात्र ते केवळ एखाद्या ठिगळात निघाले, तर ती नंतरची दुरुस्ती असू शकते.

प्रश्न : आमच्या चित्रात सही कोपऱ्यात नसून पाण्याच्या मधोमध, लाल रंगात आहे. एका जाणकाराने ती नंतर कोणी तरी घातली असावी असे म्हटले. लाल सही हा संशयाचा मुद्दा होऊ शकतो का?

उत्तर : नुसत्या रंगावरून आणि जागेवरून नाही. व्हॅन गॉग यांनी सँत-मारी येथे काढलेल्या, शिडाच्या होड्या असलेल्या समुद्रचित्रावर त्यांचे नाव ठळक लाल अक्षरांत, हिरव्या लाटांवरच आहे, आणि हिरव्यात लालाची एक नोंद हवी होती म्हणून आपण तसे केले, असे त्यांनी भावाला लिहिले आहे. सतराव्या शतकातील डच सागरचित्रकार तर तरंगत्या फळीवर, पिंपावर किंवा झेंड्यावर नाव घालत, त्यामुळे जिथे सही नाही असे वाटते तिथेही ती अशा जागी शोधून पाहावी.

संशय घ्यायचा तो सहीच्या थराचा. भिंगातून पाहताना जुन्या रंगाचे तडे सहीतूनही तसेच आरपार गेलेले दिसले, तर सही आणि समुद्र यांचे वय बरोबरीचे असू शकते. सहीचा रंग तड्यांत उतरलेला, त्यांना भरून पुढे गेलेला असेल, तर तडे पडल्यानंतर, म्हणजे चित्र पुरे होऊन बराच काळ लोटल्यावर, ती घातलेली आहे. सही वार्निशच्या वर असेल तर अतिनील प्रकाशात ती चकाकणाऱ्या थरावर काळपट उमटून दिसते. मात्र तेवढ्याने खोटेपणा सिद्ध होत नाही, कारण काही चित्रकार चित्र विकताना, वार्निश झाल्यावर सही करत, आणि काही वेळा कुटुंबीयांनी किंवा विक्रेत्यांनी ओळखीसाठी नाव लिहून ठेवलेले असते. वार्निशवरची सही, ती खऱ्या चित्रकाराची असली तरी, वार्निश उतरवताना सर्वांत आधी जाते. म्हणून चित्र स्वच्छ करायला देण्यापूर्वी सहीचे जवळून आणि तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, आणि ती कोणत्या थरावर आहे हे संवर्धकाकडून लेखी घ्यावे.